नाव जुळत नाही

विमान पडलं तर त्याचा ब्लॅक बॉक्स शोधायला माणसं समुद्राच्या तळाशी जातात. सापडला की प्रयोगशाळेत नेऊन उघडतात, कॉकपिटमधले शेवटचे आवाज पुन्हा पुन्हा ऐकतात, आणि काय चुकलं ते सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहून ठेवतात. विमानांवर माझं प्रेम जडलं ते या सवयीमुळं. उडणं ही त्यानंतरची गोष्ट.

माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिचा आवाज कुठल्याही समुद्राच्या तळाशी नव्हता. तो एका कंपनीच्या सर्व्हरवर होता, शाबूत, एक अक्षर न हरवता. तो मला मिळत नव्हता. कारण विचारलं तर कंपनीचं उत्तर तीन शब्दांचं होतं: नाव जुळत नाही.

हे मी रागात लिहिते आहे. राग निवला की लिहू, असं ठरवलं होतं. वर्ष गेलं. तो निवत नाही हे कळल्यावर लिहायला बसले.

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डेटाबेस शिकवते. म्हणजे माहिती कशी साठवायची आणि साठवलेली पुन्हा कशी शोधायची, हे शिकवते. यंत्रांचं वेड मला ताईनं लावलं. आमचं घर इथंच, औरंगाबादच्या मुकुंदवाडीत होतं, विमानतळापासून जवळ. त्या काळी दिवसाला मोजकी विमानं यायची. ताईला आवाजावरून कळायचं, हे उतरतंय की चढतंय. गच्चीवर पापड वाळत घालताना ती हात वर करून मला सांगायची, "चाकं काढली बघ." मला ढगाशिवाय काही दिसायचं नाही. मग खरंच चाकं दिसायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा. पुढं घरात जुने भाग जोडून केलेला कंप्युटर आला तेव्हा त्याचं झाकण पहिल्यांदा तिनंच उघडलं. वडील म्हणाले, "अगं, शॉक बसेल." ती म्हणाली, "बसला तर कळेल कुठून बसतो ते."

अशी मुलगी कन्नड तालुक्यात पिशोरला दिली. दिली हाच शब्द आम्ही वापरतो, म्हणून मीही वापरते. दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, तिथं खता-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. ताई तिथल्या शाळेत गणित शिकवू लागली, आणि शाळेच्या एका खोलीत धूळ खात पडलेले कंप्युटर तिनं स्वतः दुरुस्त करून चालू केले.

दहावीनंतर मुली घरी बसत. काहींची लग्नं होत. त्या मुलींसाठी ताईनं धडे रेकॉर्ड करायला घेतले. नुसता आवाज, चित्र नाही. मी तिच्याशी यावरून भांडले होते. कंप्युटर शिकवायचा आणि दाखवायचा नाही, हे कसलं शिक्षण? ती म्हणाली, "अगं, भाकरी थापताना डोळे मोकळे नसतात, कान असतात. आणि फोन मुलीच्या हातात नसतो. तो आईच्या कंबरेला असतो, नाहीतर भावाच्या खिशात. आवाज कुणाच्याही खिशातून येतो." मला हे पटलं नव्हतं. आता पटतं. तिच्या धड्यांत कंप्युटर होता, विमान होतं, एटीएम होतं, मिक्सर एकदम का बंद पडतो हेसुद्धा होतं. सगळे झाले की शाळेमार्फत एकदम वाटायचे, असा तिचा बेत होता. तोवर ते तिच्या फोनमध्ये आणि त्या कंपनीच्या खात्यात साठत होते.

मग एका सकाळी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पिशोरहून शहरात आणेपर्यंत ती गेली होती. याबद्दल मी इतकंच लिहू शकते.

दिवस होऊन गेल्यावर मी दाजींना विचारलं, "ताईचा फोन कुठंय?"

"तो व्हय. तो एक्स्चेंजमधी दिला की."

"दिला?"

"मंग काय करावं? नुसता पडून व्हता. फोटो घेतले ना मी समदे काढून. लग्नाचे, वाढदिवसाचे, एक नाय सोडला. दुकानदारानं ईचारलं, बाकीचं मिटवू का? म्हनलं मिटव."

"त्यात तिचे धडे होते, दाजी."

"धडे?" म्हणाले. "फोनमधी धडे कामून ठिवंल कुनी?"

मला राग आला की मी बोलत नाही. ही माझी जुनी खोड आहे, आणि तिचा फायदा सगळ्यांना होतो.

खात्याचा पासवर्ड ताईनं मला सांगितलेला होता. पण नुसत्या पासवर्डनं दार उघडत नाही. फोनवर एक आकडा येतो, तो टाकावा लागतो. तिचा नंबर रिचार्ज न केल्यानं बंद पडला होता. मग एक दिवस मला मेल आला, कारण तिनं त्या खात्यात माझा पत्ता जोडून ठेवला होता: हे खातं बराच काळ वापरात नाही, लवकरच त्यातला सगळा मजकूर काढून टाकण्यात येईल.

म्हणजे मुदत होती. तिचा आवाज पुसला जाण्याआधी मला तो मिळवायचा होता. मला हवा होताच, पण त्या मुलींनाही हवा होता. त्यांच्यातल्या दोघीतिघींनी मला शाळेतून निरोप पाठवले होते.

मृत माणसाच्या नातेवाइकांसाठी कंपनीनं एक पान ठेवलं आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या मराठीत ते सुरू होतं: "आपल्या नुकसानाबद्दल आम्हाला खेद आहे." ही ओळ मी दाजींना दाखवली, कारण मृत्यूचा दाखला त्यांच्याकडं होता. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली.

"नुकसान?" म्हणाले. "हे पीकविम्याचं दिसतंय. पंचनामा झाला का इचारतेत का?"

ते चेष्टा करत नव्हते. पिशोरमध्ये नुकसान म्हणजे गारपीट. माणूस मेला तर नुकसान झालं असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही, आणि हे त्या कंपनीत कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. एवढी यंत्रं, एवढी हुशारी, आणि 'आपल्या दुःखात सहभागी आहोत' हे चार शब्द कुणाला सापडत नाहीत. दर वेळी आपणच त्यांची भाषा समजून घ्यायची. त्यांच्या चुका पोटात घालायच्या, आणि वर 'पुढे जा' हे बटण दाबायचं.

मी कागद पाठवले. उत्तर आलं: नाव जुळत नाही. विनंती बंद करण्यात आली आहे. त्याखाली पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आमची मदत कशी वाटली?

नाव का जुळत नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. कळल्यावर राग दुप्पट झाला, कारण आता तो दोन ठिकाणी गेला.

खातं ताईनं लग्नाआधी उघडलं होतं. माझ्यासमोर, आमच्या घरच्या त्याच कंप्युटरवर. त्यात तिचं नाव आहे, पुढं आमच्या वडिलांचं, मग आमचं आडनाव. मृत्यूच्या दाखल्यावर तिचं सासरचं नाव आहे, पुढं दाजींचं, मग त्यांचं आडनाव. दोन्हींत एक अक्षर सारखं नाही. आडनाव बदलतं हे बाहेरच्या देशांतल्या लोकांना माहीत असतं. त्यासाठी त्यांनी एक चौकोन ठेवला होता. पण लग्नात बाईचं पहिलं नावच बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि आधीची बाई संपते, हे त्यांच्या कुठल्याही चौकोनात बसत नव्हतं.

ताईचं नाव का बदललं, ते मला आठवतं. नवं शुभ म्हणून नव्हे. तिच्या नणंदेचं नावही तेच होतं. लग्नाच्या दिवशी ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणते, मांडवात माझ्या आईला म्हणाल्या, "एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, ईहीनबाई? हाक कुनाला मारली तेच कळायचं नाय." आई हसली. सगळे हसले. मग तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं.

माझ्या विषयात याला नावांची टक्कर म्हणतात. एकाच जागी एकाच नावाच्या दोन गोष्टी आल्या की काय करायचं, हा पहिल्या वर्षाचा धडा आहे. उत्तरही पहिल्याच वर्षाचं आहे: नाव ही ओळख धरू नका. नावं सारखी असतात, नावं बदलतात, एकच नाव दहा प्रकारे लिहिलं जातं. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक द्या. त्या क्रमांकाला अर्थ नसावा, आणि तो कधी बदलू नये. हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पिशोरच्या घरानं टक्कर सोडवली ती नव्या आलेलीचं नाव पुसून. आणि त्या जगड्व्याळ कंपनीनं, जिच्याकडं माझ्यासारख्या हजारो शिकवणाऱ्या माणसांना विकत घेण्याची ऐपत आहे, बाईची ओळख पटवायला नावच धरलं.

विमानवाल्यांना हे कधीच कळलेलं आहे. प्रत्येक विमानाच्या अंगावर नोंदणीची अक्षरं रंगवलेली असतात. विमान दुसऱ्या देशात विकलं गेलं की ती खरवडून नवी रंगवतात. नवा मालक, नवा रंग, नवी अक्षरं. पण आत एका धातूच्या पट्टीवर कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो तसाच राहतो. म्हणून वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या मालकाकडं असताना त्याच्या पंखात काय बिघडलं होतं, ते आजच्या मेकॅनिकला वाचता येतं. नव्या घरी गेलं म्हणून विमानाचा आधीचा जन्म कुणी मोडीत काढत नाही. एवढा मान आपण पत्र्याला देतो.

यात आणखी एक गोष्ट झाली, तिनं मला सगळ्यात जास्त चिडवलं. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव औरंगाबाद आहे. मृत्यूच्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही कागद मी पाठवले होते. शहराच्या दोन नावांबद्दल कंपनीनं एक शब्द विचारला नाही. त्यांच्या यंत्रात कुणीतरी बसून लिहून ठेवलं होतं की ही दोन नावं एकाच जागेची आहेत. जुनं टाका, नवं टाका, नकाशावर टाचणी त्याच ठिकाणी रोवली जाते. विमानतळाची तीन इंग्रजी अक्षरंही आहेत तीच राहिली, त्यामुळं कुणाची बॅग हरवली नाही. शहराची दोन नावं यंत्राला चालतात. बाईची चालत नाहीत.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर एका जिवंत माणसाचा मेल आला, निदान तसं वाटलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवा, असं त्यात होतं. औरंगपुऱ्यातल्या एका नोटरीकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, माहेरचं माणूस काय, काहीही म्हणेल. सासरकडचं कुणीतरी आणा. लग्नाला हजर असलेलं. ते जास्त टिकतं."

दाजींकडं पिशोरला गेले. ओसरीत बसून सगळं समजावलं. त्यांनी चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत नकार दिला.

"नको, मॅडम," ते म्हणाले. कॉलेजात शिकवते म्हणून ते मला मॅडम म्हणतात, थोडं कौतुकानं, थोडं टोमण्यानं. "तिच्या नावावर रानाचा एक तुकडा हाय. वारसनोंद चाललीया. आता मधीच मी लिहून देतो की माझ्या बायकूला दोन नावं व्हती. उद्या कुनी म्हनलं, ही दुसरी कोन? तर मी काय सांगू?"

"सांगा की तीच."

"मी सांगीन हो. कागद सांगंल का?"

त्यांचं चूक नव्हतं, हा सगळ्यात मोठा वैताग. एका कागदाला दुसऱ्या कागदाची भीती वाटते, आणि माणसं मधल्या मधी गप्प बसतात. मी म्हटलं, "तुम्ही तांदळात अंगठीनं लिहिलंत तेव्हा ही भीती वाटली नाही?"

ते उठून दुकानात गेले.

मावशी आतून ऐकत होत्या. चहा त्यांनीच आणला. बसल्या, आणि एकदम म्हणाल्या, "मी देते सही."

नाव बदललं ते त्यांनी. पुढल्याच वर्षी त्यांच्या लेकीचं लग्न झालं, तिच्या सासरी तिचंही नाव बदललं, आणि ज्या नावासाठी एवढं केलं ते त्या घरात कुणाचंच उरलं नाही. तरी ताईला ते परत द्यावं असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्यावरचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आता त्यांचीच गरज पडली होती.

"तुम्ही का द्याल?" मी विचारलं. जरा उद्धटच विचारलं.

"ती कोठीत दार लावून बोलत बसायची," त्या म्हणाल्या. "घंटा घंटा. मला वाटायचं तुझ्याशी बोलती फोनवर. माझ्या चुगल्या करती."

"ती धडे रेकॉर्ड करायची, मावशी."

"ते तू म्हनतीस. मला माझ्या कानानं ऐकू दे एकदा."

त्या एसटीनं शहरात आल्या. स्टँडवरून मी त्यांना स्कूटीवर बसवून औरंगपुऱ्यात नेलं. भर गर्दीत त्या माझ्या खांद्याला धरून प्रत्येक रिक्षावाल्याला "अरं हळू!" म्हणत होत्या. नोटरीच्या जिन्यावर दम खायला थांबल्या, तेव्हा मला त्यांचा राग आणि काळजी एकदम आली, आणि दोन्ही एकमेकांत मिसळेनात.

नोटरींनी मजकूर वाचायला घेतला. "आजी, सुनेचं माहेरचं नाव काय होतं?"

"माझ्या लेकीचंच की."

"लेकीचं नाही विचारत. सुनेचं."

"तेच सांगतीय. माझ्या लेकीचंच."

नोटरींनी चष्मा काढला. "आजी, मयत सून आहे की लेक?"

"सून! लेक हाय की चांगली, जालन्याला. तिला कामून मारता?"

मी मधे पडले. दोघींचं नाव एक होतं, म्हणून सुनेचं बदललं, असं सांगितलं. नोटरींनी मान डोलावली. "बरं. म्हणजे लेकीचं ते नाव अजून आहे."

"नाय," मावशी म्हणाल्या. "तिचं बी तिकडं बदललं."

"मग त्या नावाचं कोण आहे आता?"

"कुनीच नाय."

नोटरी हसू लागले, मग माझ्याकडं बघून थांबले. "आणि आजी, तुमचं हे नाव? हे तरी मूळचं का?"

"मंग काय, मूळचं घेऊन बसते का?" त्या म्हणाल्या. "माझं तर मलाच आठवावं लागतं. शिक्का मारा आता, माझी गाडी जाईल."

मला हसायला हवं होतं. बाहेर आल्यावर मी त्यांना रसवंतीवर उसाचा रस पाजला, आणि तेवढा वेळ रस्त्याकडं बघत राहिले. एकाच घरातल्या तीन बायका, तिघींची नावं खोडलेली, आणि एकीलाही त्यात रागवण्यासारखं वाटलेलं नाही. मग राग करायचं काम माझ्याकडं आलं असावं. मी ते नीट करते.

प्रतिज्ञापत्र पाठवलं. पुसण्याची मुदत जवळ येत होती, आणि उत्तर येत नव्हतं. वर्गात शिकवताना मी फोन टेबलावर उलटा ठेवत असे, म्हणजे दिसणार नाही. आणि दर थोड्या वेळानं सुलटा करत असे. कुणाला फोन करावा तर कंपनीला फोन नंबरच नाही. वैमानिकाला जमिनीवरून सूचना मिळाली की ती त्यानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, म्हणजे ऐकणारा ऐकतो आहे याची खात्री पटते. आपल्या रोजच्या जगण्यातून ही गोष्ट कुणीतरी उचलून नेली आहे. बँक, गॅस, विमा, रुग्णालय, कुठंही बोला. आपलं म्हणणं महत्त्वाचं आहे एवढंच ऐकू येतं. आपण काय म्हणालो, ते परत कुणी म्हणून दाखवत नाही.

अखेर उत्तर आलं. विनंती मान्य. एक दुवा होता. मी दाबला, आणि तिचे सगळे धडे माझ्या लॅपटॉपवर उतरू लागले. ताईनं प्रत्येक धड्याला मराठीत नाव दिलेलं होतं, हे मला माहीत होतं. उतरलेल्या फायलींवर त्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. त्यांच्या यंत्राला देवनागरी लिहिता आली नव्हती. इथंही नाव गेलंच. मी आभाराचा मेल लिहायला घेतला होता, तो तसाच सोडून दिला.

मावशींना शब्द दिला होता, म्हणून लॅपटॉप घेऊन पिशोरला गेले. कुठला धडा कुठल्या फायलीत, ते कळत नव्हतं. हाताला येईल तो लावत गेले. दाजी दारात उभे राहिले. ताईचा आवाज खोलीत आला तसे ते बाहेर गेले, आणि बराच वेळ ओट्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला.

एक धडा विमानाच्या उड्डाणाचा होता. "धावपट्टीवर विमान पळायला लागलं," ताई सांगत होती, "की एका ठराविक वेगापर्यंत वैमानिकाला थांबता येतं. त्या वेगाच्या पुढं गेलं की थांबायचं नाही. काहीही होवो, वरच जायचं." तेवढ्यात मागून मोठ्यांदा आवाज आला, "अगं, दूध उतू चाललंय!" ताई म्हणाली, "आले, आत्या." मग अगदी जवळून, हसू दाबत, "मुलींनो, उड्डाण रद्द. अजून वेग धरला नव्हता म्हणून थांबता आलं."

"हे मीच," मावशी म्हणाल्या. ताई त्यांना आत्या म्हणायची. "बाप्पा, केवढा आवाज माझा."

त्या पुढं सरकून बसल्या. आम्ही ऐकत राहिलो. मेमरी, माउस, एटीएम, मिक्सर. संध्याकाळ झाली तेव्हा मावशींनी विचारलं, "झालं का समदं?"

"थोडे राहिलेत."

"माझं काय म्हनली नाय अजून."

"काहीच म्हणाली नाही, मावशी. सांगितलं होतं ना."

त्या पदर नीट करत बसल्या. "एवढं बोलली," म्हणाल्या, "अन् माझ्याबद्दल एक शब्द नाय?" त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी पुढची फाइल लावली. तो बहुधा तिच्या सुरुवातीच्या धड्यांपैकी होता, कारण त्यात ती मुलींची भीती काढत होती. "कंप्युटर तुम्हाला विचारत नाही," ती म्हणाली, "की तू कुणाची, सासरची की माहेरची, कुठल्या गल्लीतली. त्याला आपलं-परकं नसतं. तुम्ही सांगाल तेच तो धरतो. माणसांपेक्षा तो बरा. म्हणून त्याला भिऊ नका."

मी धडा थांबवला. हे वाक्य तिनं इतक्या खात्रीनं, इतक्या मायेनं म्हटलं होतं, आणि ते वाक्य मला मिळावं म्हणून मला तिच्या सासरचं माणूस घेऊन, शिक्का मारून, ती कुणाची ते सिद्ध करावं लागलं होतं. मला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा.

"बंद कामून केलं?" मावशींनी विचारलं.

"ती चूक सांगतेय."

"मंग सांग की तिला."

घरी आल्यावर मी तो धडा आवाज कापायच्या प्रोग्राममध्ये उघडला. ते वाक्य पडद्यावर डोंगरांच्या ओळीसारखं दिसत होतं. निवडलं. एक कळ दाबली असती तर ते गेलं असतं, आणि कान लावूनही जोड कळला नसता. या मुली उद्या याच फॉर्मांपुढं बसणार आहेत. यांचीही नावं कुणीतरी तांदळात लिहिणार आहे. त्यांना खोटा दिलासा कशाला?

पण तिच्या आयुष्यातलं जे कुणाला अडचणीचं वाटलं ते आजवर प्रत्येकानं पुसलं होतं. सासरनं नाव पुसलं, दुकानदारानं फोन पुसला, कंपनी खातं पुसायला निघाली होती. त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. वाक्य आहे तिथं राहू दिलं.

त्याच्या पुढचा धडा मी स्वतः रेकॉर्ड केला. पहिलं वाक्य असं आहे: "मुलींनो, आधीच्या धड्यात माझी ताई जे म्हणाली ते खरं नाही." पुढं सांगितलं आहे की कंप्युटर विचारतो. दर वेळी विचारतो, तू कुणाची. कारण तो चौकोन कुणीतरी माणसानं, कुठल्यातरी खोलीत बसून आखलेला असतो, आणि आखताना तुमचा विचार त्याच्या मनात आलेला नसतो. तुमचं नाव त्यात बसलं नाही तर चूक तुमची नाही, चौकोनाची आहे. तो कुणी आखला ते विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि नाव बदलणार असाल तर आधी विचारा, कुणाच्या सोयीसाठी.

धडे शाळेकडं गेले आहेत. मुली ऐकतात. ताईचा आवाज मऊ आहे, थांबत थांबत बोलणारा. त्याच्या मागोमाग माझा येतो, तो चढलेला आहे, आणि दोन ठिकाणी चिरकतो. पुन्हा शांतपणे रेकॉर्ड करता आला असता. मी केला नाही.